पाद्री (भारतीय भूसेना)

पाद्री हे भारतीय भूसेनेतील ख्रिस्ती धर्मशिक्षकाचे पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी व बौद्ध भिक्खू ही त्याच श्रेणीतील अन्य पदे होत. उमेदवार पदवीधर, रीतसर दीक्षित आणि स्थानिक बिशपांच्या मान्यताप्राप्त यादीतील असावा लागतो. वर्धा जिल्हा सीरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात मोडत असल्याने तेथील त्या परंपरेच्या धर्मगुरूसाठी ही मान्यता चांद्याच्या बिशपांची असते.

ब्रिटिश सैन्यातील पाद्री कमिशनप्राप्त अधिकारी असतो. भारतीय पाद्र्याची नियुक्ती मात्र नायब सुभेदार, म्हणजे कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी, म्हणून होते. प्रार्थना चालविण्याबरोबरच रुग्णालयातील आजारी जवानांना धीर देणे, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांची भेट घेणे आणि अंत्यविधीस उपस्थित राहणे ही त्याची कर्तव्ये होत.