गडावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणते कापड द्यावे?

शिरूरला माझे कापडाचे दुकान आहे आणि दौंडला धाकट्या भावाचे. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात पुतण्या दौंडहून आला आणि म्हणाला, "बडे अब्बा, आम्ही पाच जण सिंहगड चढणार आहोत. मजबूत पँट द्या." मी दुकानातील सर्वांत जाड जीन्स काढून दिली, वर सुती टी-शर्ट दिला आणि "घासली तरी फाटणार नाही" अशी हमीही दिली.

पँट फाटली नाही. पण आतकरवाडीच्या पायवाटेने चढताना तासाभरात मुलगा चिंब भिजला. जीन्स इतकी जड झाली की गुडघा वाकेना. वर वाऱ्यात दातावर दात वाजू लागले, बोलताना जीभ अडखळू लागली. एका पिठलं-भाकरीवालीने त्याला चुलीजवळ बसवले, मित्राने आपला कोरडा शर्ट दिला, म्हणून निभावले. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "बडे अब्बा, लवकर वाळणारं कापड तुमच्या दुकानात नव्हतं का?"

होते. टेरीकॉटचे तागे समोरच पडले होते. मीच त्याला नीट विचारले नव्हते.

आपली चूक कोठे होते ते पाहा. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. येथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या उन्हाला सुती कापडच बरे, हा आपल्या वाडवडिलांचा तजुर्बा खराच आहे. पण पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर हवामान वेगळे. महाबळेश्वरला याच्या दहापट पाऊस पडतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यात वारा.

आता धाग्याचा हिशेब. नेहमीच्या दमट हवेत शंभर ग्रॅम सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा धरते, लोकर सोळा ग्रॅमच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. पावसात सुताच्या धाग्यात पाणी मुरते आणि ते वाळताना अंगातील उष्णता ओढून घेते. मे महिन्यात हाच सुताचा गुण, तोच जुलैत दोष. बारा-चौदा औंसाच्या जीन्समध्ये तर पाणी मुरले की दिवसभर वाळत नाही. लोकर मात्र ओली झाली तरी बरीच ऊब राखते.

म्हणून ऋतूप्रमाणे कापड द्यावे. पावसाळ्यात ६७:३३ टेरीकॉटची किंवा पातळ पॉलिएस्टरची सैल पँट आणि पूर्ण बाहीचा शर्ट. रंग लाल किंवा नारिंगी असावा, म्हणजे धुक्यात माणूस हरवत नाही. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, रेनकोट घ्यावा. हिवाळ्यात एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. चढताना एक उतरवता येतो, माथ्यावर पुन्हा चढवता येतो. उन्हाळ्यात यवतजवळच्या भुलेश्वरच्या डोंगरासारख्या कोरड्या ठिकाणी फिकट रंगाचे सैल सुती कपडे आणि डोक्याला ओला पंचा, यापरते सुख नाही.

भगिनींसाठी सलवार-कमीज उत्तम, पण घेर घोट्याच्या वर असावा आणि ओढणी पाठीमागे घट्ट बांधावी. लोंबते टोक काट्यात अडकते आणि उतारावर पायाखाली येते. बुरखा असेल तर तोही घोट्याच्या वर, हलक्या कापडाचा असावा.

पायात खोल खाचांच्या रबरी तळाचे बूट हवेत. शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर गुळगुळीत तळ हमखास घसरतो. नवे कोरे बूट त्याच दिवशी घालू नयेत, आठवडाभर बाजारात वापरून मग न्यावेत. अत्तर घरीच ठेवावे. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळतात.

पिशवी खांद्याला अडकवायची नसावी, पाठीवरची असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्यात माणशी दोन ते तीन लिटर पाणी, खजूर, चणे-गूळ, भाकरी-चटणी, मीठ-साखरेची पुडी, कोरडा शर्ट, मोज्यांचा जादा जोड, विजेरी, शिट्टी, पट्टी आणि नेहमीची औषधे असावीत. एक हलकी चादर बसायला, नमाजला आणि थंडीत पांघरायलाही उपयोगी पडते. कोरडे कपडे आणि मोबाइल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावेत, आणि ती पिशवी परत घरी आणावी. कोठे जातो आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. अडचणीत ११२ क्रमांक लावावा.

यात आपल्या कारागीर बांधवांनाही काम आहे. दर्जीभाईंनी पँटला मियानी घालावी, म्हणजे उंच पाऊल टाकताना शिवण उसवत नाही. गुडघ्याला दुहेरी कापड आणि खिशाला चेन द्यावी. पिशव्या शिवणाऱ्यांनी रुंद नवारीचे पट्टे लावून आत फोम घालावा, छातीवर एक आडवा पट्टा द्यावा. ही कामे गावातल्या मशीनवर होतात. शनिवार-रविवारी गडावर जाणारी मुले आता आपल्याही गावात आहेत. पुण्याच्या मोठ्या दुकानात महागडा माल घेण्याची त्यांची ऐपत नसते. त्यांना रास्त दरात योग्य वस्तू मिळाली तर ती पुन्हा आपल्याकडेच येतील.

त्या जुलैपासून मी एक नियम केला आहे. "गडावर जायचंय" असे कोणी म्हटले की ताग्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारतो: कोणत्या महिन्यात, कोणत्या डोंगरावर, आणि पायी किती वेळ? उत्तर पावसाळ्याचे आले तर जीन्स दाखवत नाही, मग विक्री चारशे रुपयांनी कमी झाली तरी चालेल. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कापड अंगावर घालते. तो विश्वास ही अमानत आहे, आणि माझ्या बाबतीत तिची किंमत माझ्याच घरातल्या मुलाला मोजावी लागली असती.