लिनक्सवर बिलिंग टाकलं, पण ते गेलं कुठे?

मुरबाडच्या बॅचमध्ये कृषी सेवा केंद्रवाल्या एका दादांनी विचारलं, "सर, उबुंटूवर बिलिंग टाकलं खरं, पण ते आहे कुठे? इथे सी ड्राइव्हच दिसत नाही!"

प्रश्न साधा वाटतो ना? याच प्रश्नात माझी आठ महिन्यांची उधारी गेली. शहापूरच्या दुकानातला पीसी फॉरमॅट करायचा होता. मी /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि बिनधास्त फॉरमॅट मारला. परत टाकलं तर प्रोग्राम आहे, बिलं नाहीत. बिलं डेटाबेसमध्ये होती आणि डेटाबेस राहतो /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये. मग काय, गिऱ्हाइकालाच विचारत बसलो, "दादा, तुमची बाकी किती होती ओ?"

आता दुकानच डोळ्यासमोर आणा. कंपनीकडून आलेला माल, तुम्ही ठरवलेले दर आणि खातेवही, या तीन गोष्टी आपण एका खोक्यात कोंबत नाही. डेबियन आणि उबुंटू तेच करतात. त्यांच्या पॅकेजमधून वर्डप्रेस घेतलंत तर प्रोग्राम /यूएसआर/शेअरमध्ये, सेटिंग /ईटीसीमध्ये आणि चढवलेले फोटो /व्हार/लिबमध्ये जातात. कारण अपडेट आलं की /यूएसआरमधला जुना प्रोग्राम काढून नवा बसतो. तुमची वही तिथे असती तर तीही जाण्याचा धोका असता.

म्हणून हाताने उतरवलेलं सॉफ्टवेअर /यूएसआर/शेअरमध्ये टाकू नका, ती जागा डिस्ट्रोची. आपलं /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा /एसआरव्हीमध्ये. ही /एसआरव्ही फोल्डरांच्या प्रमाणित रचनेत 2004 साली आली. ओपनसुसे ती वापरतं, उबुंटू आणि रेड हॅट मात्र /व्हारलाच धरून आहेत. एकमत नाही, पण आपलं काही अडत नाही.

आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट वेगळंच वागतं. ते युजरच्या होम फोल्डरमध्ये 'फ्रॅपे-बेंच' नावाचं एकच घर बांधतं. आत 'अ‍ॅप्स'मध्ये प्रोग्राम, 'साइट्स'मध्ये तुमच्या फाइली आणि सेटिंग. मला आधी हे अघळपघळ वाटलं. पण एकट्या दुकानदाराला शोधायला सोपं आहे, हे मान्य. फक्त फसू नका. डेटाबेस इथेही बाहेरच, /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये! नुसतं बेंच उचललंत तर माझ्यासारखीच गत.

आणि ते मायएसक्यूएलचं फोल्डर डेटाबेस चालू असताना सरळ कॉपी करू नका, अर्धवट प्रत मिळते. ईआरपीनेक्स्टला 'बेंच बॅकअप' कमांड आहे. तिला 'विथ-फाइल्स' जोडा, नाहीतर बिलांना जोडलेले फोटो, पीडीएफ येत नाहीत. साइटची कॉन्फिग फाइलही सोबत घ्या. साठवलेले पासवर्ड उघडायची किल्ली त्यात असते. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर 'मायएसक्यूएलडम्प'.

हा बॅकअप त्याच डिस्कवर पडतो, बरं का. मी शटर ओढण्याआधी तो पेन ड्राइव्हवर घेतो, आणि शनिवारचा पेन ड्राइव्ह घरी कपाटात ठेवतो.