खाडीत दिलेली लेक : चिप्पी

मेंदी, डाळिंब आणि ताम्हण. या तिघींना तुम्ही ओळखता. मेंदी हातावर रंगते, डाळिंब आजाऱ्याच्या उशाशी येते आणि ताम्हण म्हणजे आपले राज्यपुष्प. या तिघींचे कूळ एकच, असे वनस्पतिशास्त्र सांगते. पण याच कुळातली आणखी एक लेक आहे, तिची चौकशी कोणी करीत नाही. कारण तिला दिली ती थेट खाडीत! तिचे नाव चिप्पी.

तुम्ही म्हणाल, खाडीतल्या झाडाशी आम्हा शहरातल्या बायकांना काय करायचंय? करायचं आहे, बरं का! आधी तिची ओळख तर करून घ्या.

शास्त्रज्ञ तिला सोनेराशिया म्हणतात. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून हे नाव पडले. या घराण्यात जेमतेम दहाच्या आत जाती. त्यांतली पांढरी चिप्पी पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत आढळते आणि आपल्या कोकणच्या खाड्यांतही. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिलेच राज्य.

तिचे सासर मोठे कठीण. पाणी खारट, जमीन म्हणजे नुसता चिखल, आणि त्या चिखलात हवा जवळजवळ नाहीच. मग ती काय करते? बरेचसे मीठ मुळांशीच अडवते. आणि श्वासासाठी काही मुळे चिखलातून वर काढते. ओहोटीला खाडीकाठी खुंट्या ठोकल्यासारखे दिसते ना, ती तिची नाकेच समजा. त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते.

फुले उमलतात तिन्हीसांजेला. पांढऱ्या केसरांचा झुपकाच तो! रात्री वटवाघळे आणि पतंग मधासाठी येतात, सकाळी केसर गळून पडतात. फळ हिरवे, चपटे, चांदणीसारख्या निदलपुंजावर बसलेले. डाळिंबाचा मुकुट आठवतो की नाही? सुंदरबनातल्या गृहिणी चिप्पीच्या एका जातीच्या आंबट फळांची चटणी आणि लोणचे करतात. श्रीलंकेत दुसऱ्या जातीच्या फळांचे सरबत करतात.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. कोळंबी, चिंबोऱ्या, बोई, जिताडा यांची पिल्ले कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. चिप्पी, तिवर आणि त्यांच्या शेजारणी नसतील तर हे बाळंतघरच बंद. शिवाय लाटांचा जोर त्या अडवतात, किनाऱ्याची माती धरून ठेवतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत २०१७ पासून ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली. झाड उभे ठेवूनही चार पैसे मिळतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि आपण? सण झाला की निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो आणि पुलावरून जाताना हात जोडून खाली सोडतो. फुले कुजून जातील हो, पण पिशवी? ती जाऊन अडकते त्याच खुंट्यांना. एकावर एक पिशव्यांचे थर बसले की मुळे गुदमरतात आणि उभे झाड हळूहळू वाळते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्याला बंदी घातली. कुऱ्हाड अडवता येते, पण प्रत्येकीच्या हातातली पिशवी कोणते न्यायालय अडवणार?

तेव्हा मैत्रिणींनो, एवढे करा. निर्माल्याची फुले-पाने कुंडीत किंवा बागेतल्या खड्ड्यात मातीआड करा. दोन-तीन महिन्यांत छान खत होते. दोरे, जरी, थर्मोकोल आधीच वेगळे काढा. खत करायला जागा नसेल तर निर्माल्यकलशात टाका, पण पिशवी रिकामी करून घरी आणा. आणि मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी न्या, ती नाके दाखवा. पुढच्या वेळी पुलावर तुमचा हात तीच धरतील.