खोट्या चिठ्ठीचा रानपिंगळा

एखाद्या पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांना कागदाची एक चिठ्ठी चकवू शकेल का? आपल्या खानदेशातील रानपिंगळ्याच्या बाबतीत असेच घडले!

गावातला ठिपकेदार पिंगळा तुम्ही पाहिलाच असेल. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. पण याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि हे घुबड शिकार करते भरदिवसा! त्याचा पहिला नमुना १८७२ साली मिळाला. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला.

पुढे माइनर्ट्झहागेन या संग्राहकाच्या संग्रहात एक नमुना आढळला. चिठ्ठीवर लिहिले होते : १९१४, मांडवी, गुजरात. शोधणारे तिकडे गेले आणि हात हलवीत परतले. कसा मिळणार? तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता! आतील भरण काढून तो नव्याने भरला होता. क्ष-किरणांनी हे बिंग फोडले.

पामेला रासमुसेन या संशोधिकेने खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी!

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही तो आढळतो. जंगलतोड आणि 'घुबड अशुभ' ही समजूत हे त्याचे वैरी आहेत. तुम्ही पक्षी पाहाल, तेव्हा वहीत स्थळ आणि तारीख खरीच लिहा. कोण जाणे, शंभर वर्षांनी ती कोणाला वाट दाखवील!