रील झकास, पण टायर बघितले का?

ते रील तुम्हीही कधी ना कधी सेव्ह केलेलं असणार. लाल मातीचा सरळसोट रस्ता, वर निळंशार आभाळ, कॅम्परव्हॅनचं मागचं दार सताड उघडं आणि आत गादीवर मांडी घालून, कॉफीचा मग हातात धरून बसलेलं कुणीतरी. खाली लिहिलेलं असतं, ऑस्ट्रेलियन आउटबॅक. तीस सेकंदांच्या त्या रीलमध्ये एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही, ती म्हणजे व्हॅनची चाकं.

मेलबर्न, सिडनी, पर्थला आता आपली बरीच मुलंमुली शिकायला आहेत. तिथलं पहिलं सेमिस्टर जूनमध्ये संपतं आणि दुसरं जुलैच्या अखेरीस सुरू होतं. मधल्या सुट्टीत तिकडे हिवाळा असतो आणि उत्तरेकडे कोरडा मोसम. म्हणजे आउटबॅकला जायची नेमकी वेळ. मग चारजण वर्गणी काढतात, एखादी जुनी हायएस विकत किंवा कॅम्परव्हॅन भाड्याने घेतात आणि प्लॅन ठरतो. पुढच्या वर्षी त्या चौघांत तुम्हीही असाल. तेव्हा प्लेलिस्टच्या आधी टायरचं बोलून घेऊ.

समृद्धीएवढा रस्ता, पंक्चरवाला नाही

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातला गिब रिव्हर रोड साधारण ६६० किलोमीटरचा आहे. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे फरक फारसा नाही. पण हा रस्ता १९६०च्या दशकात बांधला गेला तो गुरं डर्बी आणि विंडम बंदरांपर्यंत न्यायला, आणि त्याच्या बऱ्याच भागावर आजही डांबर नाही. दुसरा प्रसिद्ध रस्ता बर्ड्सव्हिल ट्रॅक. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी गावातून निघून तो ५१७ किलोमीटरवर क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलला पोचतो. मारी सोडलं की मुंगेरानीचं हॉटेल येतं दोनशे किलोमीटरवर आणि तिथून बर्ड्सव्हिल आणखी तीनशे. मधल्या पट्ट्यात टपरी नाही, पंक्चरवाला नाही आणि मोबाइलला रेंजही नाही.

आपल्याकडे टायर बसला तर वैताग होतो, तासभर जातो आणि शंभर-दोनशे रुपयांत काम भागतं. तिथे तोच टायर फाटला तर पुढचे दोन दिवस, सुट्टीचं बजेट आणि उन्हाळा असेल तर जीवसुद्धा पणाला लागतो.

टायर मरतो कसा?

कच्च्या रस्त्यावर टायरचे तीन शत्रू. पहिला दगड. बर्ड्सव्हिल ट्रॅक स्टर्टच्या खडकाळ वाळवंटातून जातो. तिथे जमिनीवर ‘गिबर’ नावाच्या दगडांचा अक्षरशः सडा पडलेला असतो. गिबचे दगडही धारदार म्हणून बदनाम आहेत. टायरचा जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, तिथे भोक पडलं तर बुजवता येतं. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, मात्र पातळ असते. ती चिरली की टायर गेला. तिला ठिगळ लागत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. हवा कमी, वजन जास्त आणि वेगही जास्त, असं झालं की फिरताना साइडवॉल सारखी दुमडते आणि आतून तापते. तापता तापता रबर आणि आतले थर सुटे होतात आणि टायर फुटतो. समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटण्याची जी चर्चा झाली, तिच्यामागचं शास्त्र हेच. डांबर असो वा मुरूम, टायरला उष्णता सारखीच बाधते.

तिसरा शत्रू हादरे. असे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे होतात, आडव्या लाटाच लाटा. हे का होतं, यावर २००७मध्ये भौतिकशास्त्रज्ञांचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी वाळूच्या गोल वाटेवर चाक फिरवत ठेवलं. एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा उमटायच्याच. वाळू बदलली, चाक बदललं, तरी लाटा काही टळल्या नाहीत. थोडक्यात, रस्ता वाईट बांधलाय म्हणून नव्हे, गाड्या धावतात म्हणून तो तसा होतो. त्या लाटांवर तासन्‌तास दणके बसले की नट सैल होतात, कपाटं निखळतात आणि टायरच्या आतले थरही थकतात.

टायरच्या अंगावर लिहिलेलं वाचा

आता निवड. दुकानात ‘सगळ्यात दणकट द्या’ म्हणण्याआधी ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा. तिथल्या पट्टीवर तुमच्या व्हॅनला कोणत्या मापाचा टायर लागतो आणि हवा किती, हे छापलेलं असतं. मग टायरवरचे आकडे वाचा.

जुन्या हायएसवर बऱ्याचदा दिसतं, १९५ आर १५ सी, १०६/१०४ एस. यातला १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, १५ म्हणजे इंचातली रिम, आर म्हणजे रेडियल आणि सी म्हणजे मालवाहू व्हॅनसाठीचा टायर. १०६ हा लोड इंडेक्स. तो सांगतो की हा एक टायर ९५० किलो पेलेल. १०४ हा आकडा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा, ९०० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची मर्यादा, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

खरी मेख लोड इंडेक्समध्ये आहे. साध्या कारचा १९५/६५ आर १५, ९१ हा टायर घ्या. रुंदी तीच, रिमही तीच. पण ९१ म्हणजे फक्त ६१५ किलो. आता चार माणसं, पलंग, गॅस, फ्रिज आणि साठ लिटर पाणी भरल्यावर मागच्या आसावर १६०० किलो आले असं धरा. एका टायरवर ८०० किलो! व्हॅनचा टायर हे आरामात उचलेल, कारचा टायर पहिल्या दिवसापासून मरायला लागेल. सेकंडहँड व्हॅन स्वस्तात मिळत असेल तर मालकाने पैसे वाचवायला असेच टायर चढवलेत का, हे आधी बघा. दाराच्या पट्टीवरच्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर लावणं तिथे कायद्यातही बसत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह कॅम्पर असेल तर ‘एलटी’ ही अक्षरं शोधा. एलटी म्हणजे लाइट ट्रक. २६५/७० आर १७ हेच माप साध्या आणि एलटी अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. एलटीचा आतला सांगाडा भक्कम आणि साइडवॉल कणखर असते. काही टायरांच्या भिंतीत दोनऐवजी तीन थर असतात. खडीच्या रस्त्यावर जादा पैसे मोजायचे तर ते या भिंतीसाठी.

आणखी एक आकडा बघायचा, तो म्हणजे जन्मतारीख. टायरवर चार आकडी कोड असतो. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. कॅम्परव्हॅन वर्षातले कित्येक महिने नुसती उभी असते. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वाळून भेगाळलेलं असतं. सहा-सात वर्षांपुढचा टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय नेऊ नका. स्टेपनीचीही तारीख बघा, ती तर गाडीच्याच वयाची असू शकते.

नक्षीचा मोह

नक्षीचे ढोबळ प्रकार तीन. एचटी डांबरासाठी, एमटी चिखलासाठी आणि एटी दोन्हीच्या मधला. मोठमोठ्या ठोकळ्यांचा एमटी फोटोत भारी दिसतो, म्हणून पोरं त्याच्याच प्रेमात पडतात. पण मेलबर्नहून मारीला पोचायलाच हजार किलोमीटरहून जास्त डांबर तुडवावं लागतं. तिथे एमटी कानठळ्या बसवतो, पेट्रोल पितो आणि ओल्या डांबरावर त्याची पकडही कमी. खडीसाठी एलटी किंवा सी प्रकारचा, भरपूर नक्षी शिल्लक असलेला एटी हाच समंजस पर्याय. तिथल्या कायद्याला दीड मिलिमीटर नक्षी पुरते, पण खडीला नाही. निम्मी घासली असेल तर नवा टायर घ्या.

चार नवे टायर म्हणजे कॅफेतल्या कित्येक शिफ्ट गेल्या, हे खरं. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर सुरू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यामुळे हिशेब टोचतो. मग मार्ग बदला, टायर नाही. डांबरी रस्त्यांनीही उलुरूपर्यंत जाता येतं.

हवा आणि उजवा पाय

उत्तम टायर घेतला आणि हवा चुकली, तर सगळं मुसळ केरात. डांबरावरची हवा खडीवर तशीच ठेवली तर टायर दगडासारखा कडक राहतो आणि दगडाची धार त्यात घुसते. हवा थोडी कमी केली की तो दगडावर वाकतो, हादरेही कमी बसतात. साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी, म्हणजे ४० पीएसआय असेल तर ३० ते ३२. व्हॅन गच्च भरलेली असेल तर हात आखडता घ्या. आणि हवा कमी केली की वेगही कमी करायचा, ही अट आहे. ताशी ८० हा वरचा आकडा धरा, दगड वाढले की त्याहून खाली. पुन्हा डांबर लागलं की हवा भरायची. त्यासाठी मापक आणि व्हॅनच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवाच.

हवा बरोबर आहे का, हे टायरच सांगतो. सकाळी थंड असताना मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. चार पीएसआय वाढले तर ठीक, जड व्हॅनच्या टायरला सहापर्यंत चालतात. त्याहून जास्त वाढले तर टायर जास्त तापतोय. इथे बहुतेकांची गफलत होते. वाढलीय म्हणून ते हवा सोडतात, टायर आणखी दुमडतो आणि आणखी तापतो. अशा वेळी वेग कमी करायचा, थांबून टायर निवू द्यायचे आणि हवा थोडी वाढवायची.

समोरून रोड ट्रेन आली, म्हणजे पन्नास मीटरहूनही लांब असू शकणारा जोडट्रक, तर डावीकडे सरका आणि थांबा. धूळ बसू द्या. त्या धुळीत घुसून काचेवर दगड खाण्यात शौर्य नाही.

करार नावाची गोष्ट

भाड्याची व्हॅन असेल तर सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. टू व्हील ड्राइव्ह कॅम्परव्हॅन कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांत बंदी असते. फार तर कॅम्पसाइटपर्यंतचा छोटा तुकडा चालतो. साध्या विम्यात टायर आणि काच अनेकदा धरलेलीच नसते. तुम्ही कितीही भारी टायर चढवा, करार मोडला की विमा गेला आणि टोइंगपासून दुरुस्तीपर्यंत सगळं बिल तुमच्या नावावर. शिवाय दणकट टायरने व्हॅनचं पोट जमिनीपासून वर येत नाही. ओढा ओलांडायचा असेल तर गाडीच वेगळी लागते. पाऊस पडला की हे रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो.

निघण्याआधी

- मापाची, हवा भरलेली स्टेपनी. लांबच्या कच्च्या रस्त्याला दोन.
- जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायला फळी, नाहीतर मऊ मातीत जॅकच खाली जातो.
- ट्यूबलेस पंक्चर किट. पार्किंगमध्ये एकदा चाक बदलून बघा, चौघांनीही.
- भरपूर पाणी आणि सॅटेलाइट फोन किंवा आणीबाणीचा बीकन.
- रोज सकाळी टायरभोवती एक फेरी, हाताने चाचपत. चिरा, फुगे, सैल नट.
- कुठून कुठे आणि कधीपर्यंत पोचणार, हे मागे कुणाला तरी सांगून जा. घरी आईला नुसतं ‘रेंज नसेल’ एवढं सांगून भागत नाही.

आणि एवढं करूनही अडकलात, तर गाडी सोडून चालायला लागू नका. आउटबॅकमधला पहिला नियम हाच आहे. मदतीला येणाऱ्याला उभी व्हॅन लांबून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

रील नंतरही काढता येईल. कॉफीचा मग, उघडं दार, लाल संध्याकाळ, सगळं तिथेच आहे. फक्त कॅमेरा सुरू करण्याआधी एकदा खाली वाका आणि चारही टायरवरून हात फिरवा. पाचव्यावरूनही.