आधी लगीन, मग दीक्षा!

तानाजी मालुसऱ्यांनी रायबाचं लग्न मागे ठेवलं आणि आधी कोंढाणा घेतला. त्यांचं उमरठ ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कोर्लई-रेवदंड्याच्या कॅथलिक वस्तीत, चर्चचा नियम नेमका उलटा: लग्न करायचं तर आधी, दीक्षा नंतर. एकदा डिकनची दीक्षा झाली की बोहल्यावर चढता येत नाही.

चर्चच्या दीक्षित सेवकांच्या बिशप, फादर, डिकन अशा तीन पायऱ्यांतली डिकन ही पहिली. डिकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, अंत्यविधी करतो, प्रवचनही देतो. मिस्सा अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकणं मात्र फादरचंच काम. दोघांना ओळखायची खूण सोपी आहे. फादरच्या गळ्यातला पट्टा दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली येतो, डिकनचा डाव्या खांद्यावरून तिरपा उजव्या कमरेकडे जातो.

फादर होणारा प्रत्येक जण आधी काही महिने डिकन असतो. आजन्म ब्रह्मचर्याचं वचन तो तेव्हाच देऊन टाकतो. घरच्यांनी डोळे पुसायचे, ते खरं तर त्या दिवशी!

संसारी माणूसही कायमचा डिकन होऊ शकतो. त्याचं वय 35 पूर्ण हवं आणि बायकोची संमती हवी. ती नाही म्हणाली, की विषय तिथेच संपला. या सगळ्या नियमावलीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच नियम, कारण नवऱ्याच्या सेवेचा भार तीही उचलणार असते. अविवाहिताला 25 व्या वर्षी कायमचा डिकन होता येतं, पण मग लग्नाचं नाव काढायचं नाही. विवाहित डिकनची पत्नी वारली, तर रोमच्या खास परवानगीशिवाय दुसरं लग्न नाही. रायगड ज्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो, तिथे असे बायकामुलांचे डिकन आहेत.

ही वाट कित्येक शतकं बंद होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये ती उघडली आणि पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये नियम घालून दिले. स्थानिक भाषांना वेदीपर्यंत नेलं तेही याच परिषदेनं. म्हणून घरात पोर्तुगीज वळणाची ‘नौ लिंग’ बोलणारं कोर्लई आज प्रार्थना मराठीत करतं.

मुळात हे पद आलं कुठून? परंपरा सांगते, जेवणाच्या तक्रारीतून! जेरुसलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात काही विधवांना डावललं जात होतं, म्हणून सात जण निवडले गेले. त्यांतला स्तेफन पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी ठरला. सातांपैकीच फिलिप्पाला चार मुली होत्या आणि चौघीही संदेश देणाऱ्या. येशूचा शिष्य पेत्रही संसारीच: त्याच्या सासूचा ताप येशूनं उतरवला होता. पौलाच्या पत्रात तर फिबी नावाच्या सेविकेचा सन्मानानं उल्लेख आहे.

मग फादरचं लग्न थांबलं कधी? पश्चिमेकडे ब्रह्मचर्याचा आग्रह जुनाच, पण 1139 च्या लॅटरन परिषदेनं धर्मगुरूंनी केलेलं लग्न थेट रद्दबातल ठरवलं. पूर्वेकडच्या चर्चनं 692 मध्येच वेगळी वाट धरली होती: दीक्षेआधी लग्न चालेल, बिशप मात्र ब्रह्मचारीच. केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही विवाहित पाद्री आहेत.

पुन्हा रेवदंड्याकडे येऊ. तिथल्या तटबंदीत एकेकाळी फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चार संघांचे साधू होते. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रतं. धर्मप्रांताचा साधा फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाही, हा फरक पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनाही ठाऊक नसतो. 1740 मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. फ्रान्सिस्कनांच्या मठाचा सातखणी मनोरा मात्र अजून उभा आहे.

याच किनाऱ्यानं दक्षिणेला जाऊन बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्री ओलांडा, की बाणकोट. स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे 1823 मध्ये काम सुरू केलं. हे प्रोटेस्टंट, त्यांना लग्नाची आडकाठी नव्हती. याच मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये पत्नी मार्गारेटसह मुंबईला आले. मार्गारेटबाई मराठी शिकल्या आणि त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुंबईचं सेंट कोलंबा हायस्कूल आपला उगम त्यांच्याच 1832 च्या शाळेत मानतं.