युरेल पास
युरेल पास हा युरोपाबाहेर राहणाऱ्या प्रवाशांसाठीचा रेल्वे प्रवासाचा सामायिक पास आहे. त्याच्या 'ग्लोबल' प्रकारावर ३३ देशांतील बहुतेक प्रमुख रेल्वेसेवा वापरता येतात. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल हा जवळपास तसाच पास आहे. दोहोंतील भेद नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर ठरतो. पुण्याहून जाणारा पर्यटक युरेल पास घेतो. म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या त्याच्या भावाला, पारपत्र भारतीय असले तरी, इंटररेल पास घ्यावा लागतो.

इतिहास
युरेल पासाची विक्री १९५९ मध्ये १३ देशांसाठी सुरू झाली. इंटररेल १९७२ मध्ये, आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त आले. तेव्हा ते केवळ २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी होते. ही अट कालांतराने उठली. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना आजही दोन्ही पासांवर सवलत मिळते.

वापर
पास दोन तऱ्हेचे असतात. एकावर ठरलेल्या मुदतीत रोज प्रवास करता येतो. दुसऱ्यावर एक किंवा दोन महिन्यांत मोजकेच 'प्रवासदिवस' मिळतात. प्रवासदिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजला जातो. मात्र रात्री निघालेली गाडी सकाळी पोहोचली आणि मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही, तर एकच दिवस खर्ची पडतो. काटकसरी प्रवासी याचा पुरेपूर लाभ घेतात, कारण एका रात्रीचे हॉटेलचे भाडेही वाचते. शयनयानाचे शुल्क तेवढे वेगळे द्यावे लागते.

खर्च
पास म्हणजे आरक्षण नव्हे. फ्रान्समधील तेजेवे, इटलीतील फ्रेचारोसा, स्पेनमधील आवे आणि युरोस्टार या गाड्यांसाठी आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे वेगळे पडतात. तेजेवे व युरोस्टारमध्ये तर पासधारकांसाठीच्या जागाही मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणाविना बसता येते. स्वित्झर्लंडमधील बेर्निना मार्गावर हा फरक ठळकपणे दिसतो: पर्यटकांसाठीच्या बेर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागते, पण त्याच रुळांवरून, त्याच हिमनद्यांसमोरून जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीला ते लागत नाही.

पास स्वस्त पडतोच असे नाही. स्वित्झर्लंडसारख्या महाग तिकिटांच्या देशांत लांबचे आणि ऐन वेळी ठरणारे प्रवास करणाऱ्यास तो सहसा परवडतो. इटलीतील प्रादेशिक गाड्या किंवा पोलंड, चेकिया येथील तिकिटे मुळातच स्वस्त असल्याने, तेवढ्याच भागात फिरणाऱ्यास सुटी तिकिटे बरी. दोन-तीन शहरांचाच बेत असेल आणि तारखा पक्क्या असतील, तर आगाऊ तिकिटेही अनेकदा पासापेक्षा कमी खर्चात मिळतात.

व्हिसा
पास हा प्रवेशाचा परवाना नाही. ब्रिटन, आयर्लंड व सर्बिया पासाच्या क्षेत्रात असले तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत. एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर आलेला भारतीय प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर पडला, तर पास शिल्लक असूनही त्याला त्याच व्हिसावर पुन्हा आत येता येत नाही.